मसुरीएवढे चित्र

(नभोवाणीवरील भाषण)

आज मी आपणांस एका लहानशा यंत्राची हकिगत सांगणार आहे. यंत्र माझे स्वतःचे आहे, त्याची मोडतोडही मीच केली आहे, आणि त्या उद्योगात आमच्या घरचे थोडे नुकसानही माझ्याच हातून झालेले आहे. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला पोचतो असे मी समजतो.

१९६३ साली माझ्या आईचे लग्न लष्करात झाले. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा भाग. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी दिली आणि ती छावणी उठलीच नाही, तिचेच शहर झाले. माझे धाकटे मामा त्या वेळी नुकतेच विलायतेहून परतले होते. येताना त्यांनी किल्लीवर चालणारा आठ मिलिमीटरचा एक सिनेकॅमेरा आणला होता. लग्नाच्या धामधुमीत सगळे घर कामाला जुंपलेले असता मामा मात्र तो कॅमेरा डोळ्याला लावून अंगणभर हिंडत होते, याबद्दल आजीचा राग पुढे वीस वर्षे तरी टिकला. परंतु त्या हिंडण्यातून नऊ रिळे उरली. अंगणातला मांडव, बाड्यावरून निघालेली वरात, पंगत, आणि दुसऱ्या दिवशी छोट्या गाडीने सबलगडकडे निघालेली पाहुणेमंडळी, एवढे सारे त्यांत आहे.

ही छोटी गाडी म्हणजे ग्वाल्हेर-श्योपूर नॅरोगेज. तिच्या दोन रुळांत अवघे दोन फुटांचे अंतर. २०२० साली ती बंद पडली आणि तिच्या मार्गावर मोठ्या रुळांचे काम सुरू झाले. गंमत अशी की, सिनेमाच्या धंद्यातही आठ मिलिमीटरच्या फिल्मला नॅरोगेजच म्हणत. दोन्ही नॅरोगेज आमच्या एकाच रिळात एकत्र आलेल्या आहेत.

आता ही फिल्म म्हणजे काय चीज होती ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९३२ साली कोडॅक कंपनीने घरगुती चित्रीकरण स्वस्त व्हावे म्हणून एक युक्ती काढली. सोळा मिलिमीटर रुंदीची पंचवीस फूट फिल्म कॅमेऱ्यात घालावयाची, तिच्या एका अंगावर चित्रे घ्यावयाची, मग रीळ उलटे करून दुसऱ्या अंगावर घ्यावयाची. धुऊन झाल्यावर ती मधोमध उभी चिरून दोन्ही तुकडे जोडले की पन्नास फुटांचे रीळ तयार. एका फुटात ऐंशी चित्रे; म्हणजे रिळात चार हजार. सेकंदाला सोळा या वेगाने ती चार मिनिटे दहा सेकंदांत संपतात. एकेका चित्राची रुंदी पाच मिलिमीटरांहूनही कमी, उंची साडेतीन. सपाट केलेला मसुरीचा दाणा डोळ्यांपुढे आणावा. एवढ्या जागेत माझे आजोबा, त्यांची काठी, पगडी आणि मांडवाचे खांब असे सगळे मावलेले आहे. पुढे १९६५ साली सुपर-आठ आली. तिची छिद्रे लहान आणि चित्र थोडे मोठे. आमची रिळे जुन्या जातीची.

आमच्या प्रोजेक्टरचा दिवा मी शाळेत असतानाच गेला आणि तसला दिवा पुन्हा मिळाला नाही. रिळे ट्रंकेत गेली, ट्रंक माळ्यावर गेली, आणि माळ्यावर पत्रा. ग्वाल्हेरचा जेठ ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्या पत्र्याखाली चाळीस उन्हाळे काढणे म्हणजे काय ते सांगावयास नको.

सेवानिवृत्त झाल्यावर मी बाजारात मिळणारा एक घरगुती फिल्म-स्कॅनर विकत घेतला. यंत्र पावाच्या दोन लाद्यांएवढे. त्यात एक पंजा असतो. तो फिल्मच्या छिद्रात बोट घालून एकेक चित्र खाली ओढतो. मागून एक पांढरा दिवा, पुढून एक लहानसे भिंग आणि संवेदक. सेकंदाला दोन चित्रे टिपली जातात आणि अर्ध्या तासाच्या वर थोड्या मिनिटांत एक रीळ संगणकावर पाहता येईल अशा स्वरूपात तयार होते. कल्पना उत्तम आहे. या यंत्रांमुळे ट्रंकांतून कित्येक रिळे बाहेर आली हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पहिले रीळ तयार झाले तेव्हा मी मोठ्या उत्साहाने आईला दाखवले. तिने एक मिनिट पाहिले आणि म्हणाली, "अरे, आमचे नाना असे धावत कधी चालत नसत."

मी चपापलो. विज्ञान शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. पण ही चूक मला दिसली नव्हती, ती ब्याऐंशी वर्षांच्या बाईला दिसली. मामांनी सेकंदाला सोळा चित्रे घेतलेली. माझे यंत्र तीच चित्रे सेकंदाला वीस या वेगाने दाखवीत होते. म्हणजे आजोबा सव्वापट वेगाने चालत होते. त्यांच्या एका पायात व्यंग होते आणि ते फार सावकाश चालत. यंत्राने त्यांचे ते चालणेच पुसून टाकले होते. हा दोष सुधारणे सर्वांत सोपे निघाले, कारण त्याला यंत्र उघडावे लागत नाही. संगणकावर तयार झालेल्या चित्रपटाचा वेग सोळावर आणला की काम होते. मग आई म्हणाली, "आणि शालू हिरवा नव्हता रे. निळा होता." हे मात्र इतके सोपे नव्हते.

असल्या यंत्रांत प्रकाश आणि रंग यांचा निर्णय यंत्र स्वतः घेते. मांडवाच्या सावलीतून उन्हात आले की ते प्रकाश कमी करते. समोर पिवळा रंग फार झाला की त्याला वाटते दिवाच पिवळा आहे, आणि ते सगळ्या चित्रात निळे मिसळते. हिरवे फार दिसले की उलट. प्रत्येक चित्रागणिक असे मत बदलत गेल्यामुळे पडद्यावर उजेड-अंधार लपंडाव खेळतात. शिवाय चित्र रेखीव दिसावे म्हणून यंत्र प्रत्येक काळ्या कडेभोवती एक पांढरी रेघ ओढते. आजोबांच्या पगडीभोवती ती रेघ पाहून आमच्या नातवाने विचारले की पणजोबा देव होते काय. आणि फाइल लहान राहावी म्हणून बारीकसारीक तपशील दाबून टाकला जातो. त्यामुळे हलत्या गर्दीचे चौकोनी ठोकळे होतात. फिल्ममध्ये जे आहे ते यंत्राला दिसते, पण ते आपल्या हाती देण्यापूर्वी यंत्र त्यावर आपले संस्कार करते, ही खरी अडचण.

हे सगळे कळूनही मी दुसरे रीळ लावले, आणि तिथे माझा अपराध घडला. निम्मे रीळ झाल्यावर कट्‌कट् असा आवाज येऊ लागला. मी यंत्र थांबवले तोवर पंजाने सुमारे दीड वीत फिल्मची छिद्रे फाडली होती. दीड वीत म्हणजे सत्तरएक चित्रे. त्या सत्तर चित्रांत वरात टोपी बाजाराच्या तोंडाशी वळते.

टोपी बाजार बाड्यालगतच आहे. तिथे एक वृद्ध घड्याळजी बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मनगटी घड्याळे दुरुस्त करणारे आता थोडेच उरले आहेत. मी पिशवीतून यंत्र काढून त्यांच्या फळीवर ठेवले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी तो पंजा पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाले, "मास्टरसाहेब, दात ठीक आहे, पण त्याची कड घासायची राहिली आहे. नव्या फिल्मला हे चालेल; तुमची फिल्म म्हातारी आहे."

म्हातारी आहे हे अक्षरशः खरे होते. अ‍ॅसिटेटची फिल्म वयाप्रमाणे आकसते. नव्या फिल्ममध्ये एका छिद्रापासून दुसरे छिद्र ३.८१ मिलिमीटरवर असते. शेकडा एकाने जरी ती आकसली तरी पंजा छिद्राच्या मध्यात न पडता कडेवर पडू लागतो. कड धारदार असेल तर फाटावयास वेळ लागत नाही. त्यातच पुढचे रिकामे रीळ फिरवणारी मोटार फिल्मला सतत ओढत असते. चाचांनी पंजाचे टोक घड्याळाच्या चाकाला देतात तसे घासून गुळगुळीत करून दिले, आणि फिल्म ज्या खाचेतून सरकते तिची बाजूची पट्टी केसभर सैल केली. ती फार सैल झाली तर चित्र डावीउजवीकडे डुलते, फार घट्ट असली तर फिल्म अडते. तो केसभर किती, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते, माझ्या पुस्तकांना नव्हते. मी घरी येऊन ती ओढणारी मोटार काढून टाकली. आता फिल्म यंत्रातून बाहेर पडते ती सुती कापडाचे अस्तर घातलेल्या एका स्वच्छ खोक्यात. मागाहून मी ती हाताने गुंडाळतो. दिसावयास गबाळे आहे, पण फिल्मवर ताण शून्य. फाटलेल्या भागावर छिद्रे पाडलेली पारदर्शक टेप चिकटवली. ती सत्तर चित्रे वाचली. त्यांच्या कडेला ओरखडे मात्र कायमचे राहिले.

विकत घेतलेले यंत्र असे उघडून बसणे हे आपल्याकडे काही नवे नाही. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी व त्यांचे बंधू आनंदराव यांनी जुना प्रोजेक्टर आणून, तो खोलून, त्यावरून कॅमेरा कसा करता येईल याचा अभ्यास आरंभला होता. आनंदराव १९१६ साली गेले. तरी बाबुरावांनी दामल्यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला, आणि त्यांचा 'सैरंध्री' १९२० साली लोकांपुढे आला. त्याआधी, १९१२ साली, दादासाहेब फाळक्यांनी विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला तेव्हा कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई; सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून हातयंत्राने तिला छिद्रे पाडीत. कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते याची एकेक चित्र टिपून त्यांनी केलेली छोटी फिल्म प्रसिद्धच आहे. मी माझ्या माळ्याखालच्या खोलीत जे करतो ते त्याच्याच उलट आहे, इतकेच: तिथे एकेक चित्र फिल्मवर चढत होते, इथे ते एकेक करून उतरते आहे.

यंत्र चालू लागल्यावर मी दिव्याकडे वळलो. मूळ दिवा एक ठिपक्यासारखा. मध्ये फार उजेड, कडांना कमी. असा तिखट प्रकाश फिल्मवरचा प्रत्येक ओरखडा उठवून दाखवतो. फिल्म आणि दिवा यांच्यामध्ये दुधी अ‍ॅक्रिलिकचा एक तुकडा बसवला की प्रकाश चहूकडून येतो आणि बारीक ओरखडे निम्म्याने नाहीसे होतात. हा तुकडा फिल्मला चिकटून नसावा, थोडा दूर असावा. नाहीतर त्याच्यावरची धूळही चित्रात उतरते. सर्व सुधारणांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी ही. ज्यांना पुढचे काहीच करावयाचे नाही त्यांनी एवढे करावे, आणि त्याआधी फिल्म मऊ, सूत न सोडणाऱ्या कापडाने हलक्या हाताने पुसून घ्यावी.

मला पुढचे करावयाचे होते, कारण शालू अजून हिरवाच होता. मूळ भिंग आणि संवेदक मी काढून टाकले आणि तिथे रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकाचा कॅमेरा बसवला. त्याच्या संवेदकाची रुंदी साधारण सव्वासहा मिलिमीटर आणि त्यात आडवे ४०५६ व उभे ३०४० बिंदू. चित्र आणि संवेदक जवळजवळ एकाच मापाचे असल्यामुळे एकास एक प्रतिमा पुरते. इथे शाळेतले प्रकाशशास्त्र कामास आले. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने एकास एक प्रतिमा हवी असेल तर भिंगापासून फिल्म शंभर मिलिमीटर आणि संवेदकही शंभर मिलिमीटर ठेवावा लागतो. भिंग मिळाले एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या एन्लार्जरमधून; सपाट कागदावर सपाट निगेटिव्ह उतरवण्यासाठीच ती भिंगे घडवलेली असतात, म्हणून कडेपर्यंत चित्र सारखे येते. नळी एका लेथवाल्याने कातून दिली. आतून ती चकचकीत ठेवली ही माझी चूक. सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा आला. आतून मंद काळा रंग दिल्यावर तो गेला.

पंजाची मोटारही बदलली. आताची मोटार दोनशे पावलांत एक फेरा पुरा करते, एका फेऱ्याला एक चित्र पुढे सरकते, आणि मग ती थांबते. अर्धा सेकंद कंप शमू द्यावयाचा, नंतर चित्र घ्यावयाचे. प्रत्येक चित्र दोनदा: एकदा उन्हातल्या माणसांसाठी कमी प्रकाशात, एकदा सावलीतल्यांसाठी जास्त प्रकाशात, मग संगणक दोहोंचा मेळ घालतो. प्रकाशाचे आणि रंगाचे प्रमाण रिळाच्या आरंभी एकदा ठरवावयाचे आणि शेवटपर्यंत त्याला हात लावू द्यावयाचा नाही. संवेदकाने जे पाहिले ते जसेच्या तसे, कच्चे, साठवावयाचे. अशा एका चित्राची फाइल साडेअठरा मेगाबाइटची होते. चार हजार चित्रे, प्रत्येकी दोन, म्हणजे एका रिळाला दीडशे गिगाबाइट. आणि वेळ साडेचार तास. सेकंदाला दोन चित्रे काढणाऱ्या यंत्राची मी ही गत करून ठेवली असे कुटुंबाचे मत आहे.

जाहिरातींत हल्ली 'फोर-के' या शब्दाचा फार गवगवा असतो. मसुरीएवढ्या चित्रात मुळातच जेवढे आहे त्याहून जास्त बिंदूंनी काही सापडत नाही. फिल्मचे कणच मोठे दिसू लागतात. माझ्या मते पैसा, वेळ आणि डोकेफोड बिंदूंवर खर्च न करता स्थिर प्रकाश, न दाबलेली फाइल आणि फिल्मला न दुखवणारी चाल यांवर करावी.

नऊंपैकी आठ रिळे अशी उतरली. शालू निळा झाला. नववे रीळ मी अद्याप यंत्राला लावलेले नाही. त्याचा डबा उघडताच लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास येतो. अ‍ॅसिटेट कुजू लागले की त्यातून व्हिनेगरचे आम्ल सुटते, ते आम्लच कुजण्याचा वेग वाढवते, आणि घट्ट डब्यात कोंडले की आणखी वाढवते. वास शेजारच्या रिळांनाही बाधतो. म्हणून ते रीळ मी वेगळे काढून हवा खेळेल अशा खोक्यात, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवले आहे. आठ मिलिमीटरची ही फिल्म पेटत नाही. जुन्या नायट्रेटची गोष्ट वेगळी, पुण्यात २००३ च्या जानेवारीत तिने पेट घेतला तेव्हा किती जुने चित्रपट गेले ते आपणांस स्मरत असेल. आमचे रीळ पेटणार नाही, परंतु वाट पाहणारही नाही. ते गोल वळले आहे आणि कडेने लाटांसारखे झाले आहे. पंजाखाली ते एकदाच जाईल, कदाचित तेवढेही नाही. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथल्या लोकांपुढे मोठ्या चित्रपटांचा डोंगर आहे. घरगुती लग्नाच्या रिळासाठी त्यांचे दार ठोठवावे की व्यावसायिकांकडे बिनपंजाच्या यंत्रावर द्यावे, की काचेच्या दोन पट्ट्यांत धरून मीच एकेक चित्र हाताने टिपावे, याचा निर्णय या उन्हाळ्याच्या आत व्हावयास हवा. चार हजार चित्रे हाताने, रोज शंभर धरली तरी चाळीस दिवस. मूळ आठ रिळेही मी टाकून दिलेली नाहीत. संगणकावरची प्रत तीन ठिकाणी ठेवली आहे, पण तीन डिस्कांपैकी साठ वर्षांनी किती चालतील, याची हमी ती फिल्म जशी देते तशी कोणी देणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. कॅमेऱ्याच्या खिडकीची रुंदी ४.८ मिलिमीटर असते. प्रोजेक्टरची मात्र सुमारे ४.४. कडा स्वच्छ दिसाव्यात म्हणून प्रोजेक्टर चित्राची थोडी किनार झाकतो. घरगुती स्कॅनरही तेच करतात. म्हणजे मामांनी टिपलेल्या प्रत्येक चित्राच्या रुंदीचा जवळजवळ बारावा हिस्सा १९६३ साली भिंतीवरच्या चादरीवरही कोणी पाहिलेला नव्हता. मी फिल्मची छिद्रेसुद्धा चित्रात घेतो, कारण छिद्राच्या कडेवर नजर ठेवून संगणक डुलणारे चित्र स्थिर करतो. त्यामुळे ती झाकलेली किनारही आपसूक आली.

मांडवाच्या रिळात आजोबा काठी टेकीत सावकाश येतात आणि पाटावर बसतात. उजव्या कडेला, खांबाच्या आडून, लुगड्याचा पदर धरलेला एक हात आणि अर्धा चेहरा दिसतो. लग्नाच्या एकाही रिळात आजी नाही असेच आम्ही आजवर समजत होतो. कॅमेरा दिसला की ती आत जात असे. आईने खुर्ची पुढे ओढून घेतली. मी ते चित्र थांबवले होते. ती म्हणाली, "चालू दे. माई आहे ती. नाना बसेपर्यंत ती तिथेच उभी राहायची."

मी ते पुन्हा सोळाच्या वेगाने चालू केले.